पहिला हात

लवकर येणारा हलका धान पिवळा पडायला लागला की टोलीत दोन आवाज सुरू होतात. दिवसा तेजराम लोहाराच्या ऐरणीचा, आणि सांज झाली की धानाच्या बांध्यांवर पिटल्या जाणाऱ्या डब्यांचा. ऐरण माणसांना बोलावते, डबे रानडुकरांना हाकलतात. यंदा मात्र डुकरं डब्यांना भीत नव्हती. म्हातारी शकुबाई म्हणायची, आपण त्याहिच्या वरातीले बाजा वाजवून राहिलो बाप्पा.

टोली आसगावच्या पल्याड, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठाला. पाच-पंचवीस घरं, बोडीच्या पाण्यावर पिकणाऱ्या बांध्या, आणि त्यांच्या मागे जंगल. लोहाराचं घर एकच. तेजरामच्या आज्यानं लावलेल्या चिंचेखाली भट्टी होती. भाता जाऊन हातानं फिरवायचा पंखा आला होता, बाकी सगळं तसंच. कापणी जवळ आली की बाया आपापले इळे घेऊन येत, बोथट झालेले, दाते झिजलेले. तेजराम एकेक इळा लाल करी, ठोके, थंड झाल्यावर छिन्नीनं बारीक दाते काढी. त्याची बायको चंद्रभागाबाई पंखा फिरवायची.

पण इळा लगेच घरी न्यायचा नाही, अशी इथली रीत. दाते काढलेला इळा घेऊन लोहारानं मालकाच्या बांधीवर जायचं. मालकानं धानाची एक मूठ आपल्या हातात गच्च धरायची आणि लोहारानं त्या मुठीच्या अगदी खालून पहिला काप घ्यायचा. हात लोहाराचा, मूठ मालकाची. काप सरळ गेला की इळा मालकाचा झाला. दाता उलटा गेला, इळा सटकला, तर रक्त मालकाच्या बोटातून येणार आणि मान लोहाराची खाली जाणार. टोलीत ते कधी कोणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी तेजराम शकुबाईच्या बांधीत उतरला होता. पाणी सोडून दिलं होतं तरी चिखल घोट्याएवढा होता. शकुबाईनं वाकून मूठ धरली. तिच्या बोटांची पेरं म्हातारपणानं गाठाळली होती, मूठ पुरती मिटत नव्हती.

"पक्कं धर गा माय," तेजराम म्हणाला.

"तू काप रे. तुह्या बापानं माह्या सासूची मूठ कापली नाई, तू माही काय कापतं."

खर्र असा एकच आवाज झाला. शकुबाईनं लोंब्या कपाळाला लावल्या आणि ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर चढली. धुऱ्यावर उभी असलेली चंद्रभागाबाई नेहमीचं गुणगुणली,

*मूठ धरली बाईनं, हात लोहारदादाचा,*
*मंदी इळ्याची गं धार, तिले भरोसा दोघाचा.*

ह्या सगळ्याची प्रविणला लाज वाटायची. तेजरामचा एकुलता एक पोरगा. आयटीआय झालेला, नागपुरात ग्रिलच्या कारखान्यात दोन वर्षं काढून परत आलेला. बस स्टॅन्डजवळ टिनाचं शेड टाकून तो वेल्डिंग करायचा. कोणाचं फाटक, कोणाच्या ट्रॉलीचा हूक, उन्हाळ्यात कूलरचे स्टॅन्ड. बाप सत्तर वर्षं जुन्या रीतीनं चिखलात उतरून लोकांच्या मुठींखालून काप घेतो, हे तो मित्रांत हसण्यावारी न्यायचा. गॅरंटी कार्ड देऊन राहिला म्हणायचा आमचा म्हातारा.

शेडची जागा भय्याजीची होती. बोडीखालच्या अर्ध्या बांध्या भय्याजीच्या, रस्त्याकडेची पट्टीही त्याचीच. प्रविण नागपुराहून आला तेव्हा भय्याजीनंच त्याला बोलावून सांगितलं होतं की जागा मोकळीच पडली हाय, बस तिथं. काही लिहिणं नाही, काही देणं नाही. वर्षाकाठी त्याची अवजारं तेवढी प्रविण फुकट जोडून देई.

तो भय्याजी शकुबाईच्या इळ्याच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आला. सोबत त्याचा सालदार मंगरू. भय्याजीचे डोळे लाल झाले होते. धोतर नेसणारा माणूस नव्हे तो, कडक इस्त्रीची पॅन्ट घालणारा. त्या पॅन्टीला गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता. स्टुलावर बसून त्यानं आधी पाणी मागितलं.

रात्री डुकरांनी त्याची सगळ्यात मोठी बांधी नांगरली होती. खाल्लं थोडं, लोळून आडवं केलं जास्त. बांधीभोवती बायकोच्या जुन्या साड्या बांधून झाल्या होत्या. न्हाव्याकडून केस आणून धुऱ्यावर पेरून झाले होते. फटाके फोडून झाले. जंगल खात्याचा माणूस येऊन मोबाइलवर फोटो काढून गेला होता. हे सगळं भय्याजीनं सांगितलं, आणि मंगरूनं प्रत्येक गोष्टीला मान हलवली.

"साड्या तं त्याहिले लय आवडल्या," मंगरू म्हणाला. "एक डुक्कर पदर घेऊन गेलं."

भय्याजी हसला नाही. त्यानं पिशवीतून कापडात गुंडाळलेली वस्तू काढून प्रविणच्या पुढ्यात ठेवली. काळं, जड दिसणारं पिस्तूल. त्याच्या साळ्यानं कुठूनसं आणून दिलेलं, नुसता आवाज करणारं. पहिल्या दिवशी डुकरं पळाली. दुसऱ्या दिवशी उभी राहून ऐकत राहिली.

"आवाजाचं काम नाई राहिलं आता," भय्याजी म्हणाला. "नळीत थोडंसं काम हाय. खरी गोळी जाईन अशी करून दे. तुह्या हातात हुन्नर हाय."

प्रविणनं वस्तूला हात लावला नाही. "भय्याजी, हे तं जेलात जायाचं काम हाय."

"जेलात मी जाईन ना. वस्तू माही, बांधी माही. तू फक्त एक नळी पाहून राहिला, असं समज."

भय्याजीनं शेडच्या टिनाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं. आवाज न चढवता तो म्हणाला की भाचा मोबाइलचं दुकान टाकायचं म्हणून राहिला, हीच जागा पायजे म्हणते. "मी म्हनलं, तिथं प्रविण बसला हाय. आपला मानूस हाय. कामाले पडते."

मग तो उठला, आणि वस्तू टेबलावरच राहिली.

शेड रस्त्यावर. येणारा-जाणारा बसची वाट पाहत तिथंच उभा राहायचा. प्रविणनं वस्तू घरी आणली आणि मागच्या कोठ्यात, बैलांच्या रिकाम्या दावणीशी बसून काम सुरू केलं. बैल विकून बरीच वर्षं झाली होती, पण कोठ्यात अजून शेणाचा वास होता. मोबाइल त्यानं दावणीच्या खुंटीला टेकवला. मोबाइलातला माणूस उजेडाच्या खोलीत, स्वच्छ टेबलावर, रबरी हातमोजे घालून भराभरा काहीतरी करत होता आणि मधेमधे हसत होता. प्रविणजवळ बापाचं हातगिरमिट होतं, घरातला जुना शिकंजा होता, आणि फाटकाच्या कामाच्या दोन कानशी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं दाराला गोधडी लावली. गोधडीमुळे आतली हवा कोंडली. घाम भुवईवरून डोळ्यात उतरायचा आणि हात घसरायचा.

काम सरळ जात नव्हतं. ते त्याला पहिल्याच दुपारी कळलं होतं. गिरमिट आपल्या मनानं एका अंगाला जायचं. तो परत आणायचा, ते परत जायचं. अशा वेळी थांबावं हे नागपूरच्या कारखान्यात त्याला शिकवलेलं होतं. पण तो थांबला की त्याला टिनाचं शेड दिसायचं, आणि शेडच्या जागी काचेचं मोबाइलचं दुकान.

खुशबूला, त्याच्या बायकोला, आधी अंथरुणात लोखंडाचा चुरा टोचला. मग त्याचा सदरा धुताना पाण्याला काळी-चांदीसारखी चमक आली. दुपारी सासूसोबत लाखोळीची डाळ निवडत असताना ती एवढंच म्हणाली की कोठ्यात उंदीर झालेत मामी, दिवसाढवळ्या खरवडतात.

चंद्रभागाबाई डाळ निवडत राहिली. "उंदरं नोहे ते," ती म्हणाली.

तेजराम ओट्यावर आडवा होता. डोळे मिटलेले, पण झोप नव्हती. कानस बोलते, हे लोहाराला सांगावं लागत नाही. फाटकाच्या पट्टीवर ती एक बोलते, इळ्याच्या पाठीवर दुसरं. लोखंड चांगलं असेल तर तिचा आवाज दातातून जातो, खालपर्यंत शिरशिरी येते. कोठ्यातून येणारा आवाज तसा नव्हता. मऊ, भुसभुशीत, खडूवर नख ओढल्यासारखा. कशावर काम चाललंय हे त्याला कळेना. पण ज्यावर चाललंय ते लोखंड नाही, एवढं कळलं.

तो उठला, गोधडी बाजूला सारून आत गेला. प्रविणनं वस्तूवर पोतं टाकलं. बापानं पोतं उचललं.

बराच वेळ तेजराम ती हातात उलटसुलट करत राहिला. नळीच्या तोंडाशी अंगठा फिरवला, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग बाहेर चिंचेखाली गेला. प्रविण मागोमाग. तेजरामनं ती ऐरणीवर हलकेच आपटली. टप्प, असा आवाज झाला. मातीचं गाडगं ठेवल्यासारखा.

"आयकलं?" तेजराम म्हणाला. "हे लोखंड नोहे. ओतीव हाय कायतरी, शिश्याच्या जातीचं. दिसाले काळं, आत पोचट. अन् तू एका अंगानं खाऊन टाकलं ते."

"थोडंसं गेलं. तेवढ्यानं काई होत नाई."

"काहून होत नाई. ह्यात दारूचा धक्का बसला तं तो पुढं जानार नाई गा, मागं येईन. ज्याच्या हातात असन त्याचा हात घेऊन जाईन."

"मी कायले चालवतो? भय्याजीचं हाय, तो चालवन."

"मंग त्याचा जाईन."

प्रविणनं हातावरचा चुरा झटकला. तो म्हणाला की बाबा, जागा गेली तं मी काय करू? तुमच्यासारखा चिखलात उतरून मुठी कापत फिरू? तेजरामला ते लागलं, पण त्यानं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तो म्हणाला, त्याले सांग का जमत नाई. एवढंच सांगाचं हाय. जमत नाई म्हनाले काय लागते?

"लागते," प्रविण म्हणाला.

रात्री जेवणं झाली. ताटं उचलताना खुशबू नवऱ्याच्या जवळ थांबली. तिचा आवाज हसरा होता, डोळे नव्हते.

"एका हातानं वेल्डिंग होते का हो? का मी दुसरा हात बनून येऊ शेडवर? डब्यासोबत."

"तू गप बस."

"गपच हाय मी. इचारून राहिली फक्त."

पहाटे प्रविणनं ठरवलं होतं की सांगून टाकू. जमत नाही म्हणून. पण मंगरू उजाडताच दारात आला. भय्याजी बांधीवर वाट पाहून राहिले म्हणाला, रात्री पुन्हा डुकरं येऊन गेलीत, अजून बोडीमागच्या झुडपात असतीन. चाल, वस्तू घेऊन चाल. प्रविणनं वस्तू घेतली. सांगायचं ते तिथं सांगू, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

तेजराम बोडीवरून तोंड धुऊन आला तेव्हा खुशबू अंगणात झाडू घेऊन उभी होती. झाडत नव्हती.

"मामाजी, ते गेले. मंगरूभाऊसंगं. पिशवी नेली."

तेजरामनं खांद्यावरचा ओला दुपट्टा तसाच ठेवला आणि धुऱ्याची वाट धरली.

भय्याजीच्या बांधीत धान चटईसारखा निजला होता. मधेच उभ्या राहिलेल्या लोंब्या ओल्यानं वाकलेल्या. चिखलात डुकरांच्या खुरांचे ठसे, लोळल्याचे खड्डे, त्यात साचलेलं पाणी. भय्याजी धुऱ्यावर उकिडवा बसून निजलेला धान हातानं उचलून पाहत होता. उचलला की तो पुन्हा पडायचा. प्रविणला पाहून तो उठला.

"झालं?"

प्रविणनं तोंड उघडलं. समोर आडवी बांधी होती, बाजूला मंगरू होता, आणि भय्याजीच्या चेहऱ्यावर पोरासारखी आशा होती. प्रविण म्हणाला, "झालं तं हाय. पन..."

"पन काय?"

"बराबर चालन का नाई, सांगता येत नाई."

"चालवून पाहिल्याशिवाय कसं सांगता येईन?" भय्याजी म्हणाला. मंगरूला त्यानं समोरच्या पळसाकडे पाठवलं. मंगरूनं पळसाच्या बेचक्यात एक फुटका डबा ठेवला आणि लांब जाऊन उभा राहिला. भय्याजीनं प्रविणच्या पिशवीतून वस्तू काढली, खिशातून काढून एक गोळी आत घातली आणि दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तशी, प्रविणपुढे धरली.

"घे."

"मी?"

"तं कोन? तू लोहाराचा हायस का नाई? पहिला हात लोहाराचा. आपली रीत हाय ते." भय्याजी हे चेष्टेनं बोलत नव्हता. त्याच्या बापाच्या काळापासून त्याच्या घरचा एकही इळा, एकही कुऱ्हाड लोहाराच्या पहिल्या हाताशिवाय वापरली गेली नव्हती. वस्तू कोणतीही असो, लोहाराच्या घरून आली तर पहिला हात त्याचा, हे त्याला सूर्य उगवण्याइतकं सरळ वाटत होतं. "तू डब्यावर एक चालव. मंग माही."

प्रविणनं ती घेतली. ज्या रीतीला तो मित्रांत हसायचा तीच आता त्याच्या तळहातावर होती, आणि थंड होती. जमत नाही हे शब्द अजून त्याच्याजवळ होते. पण झालं म्हणून बसल्यावर आता ते कोणत्या तोंडानं काढायचे? त्यानं हात वर केला. अंगठ्याखाली, नळीच्या पातळ झालेल्या अंगाशी, त्याला आपलीच नाडी लागत होती.

"थांब," मागून आवाज आला.

तेजराम धुऱ्यावरून येत होता. घाईत नव्हता. पाय चिखलानं माखलेले, दुपट्टा अजून ओला. जवळ येऊन त्यानं पोराच्या हाताखाली आपला हात लावला आणि वस्तू काढून घेतली, लेकराच्या हातून कोयता घ्यावा तशी. प्रविणनं दिली.

"मी जिवंत हावो तवरिक ह्या घरचा पहिला हात माहा," तो भय्याजीला म्हणाला.

"मंग तू चालव. मले काय," भय्याजी म्हणाला. "तुहा हात तं आनखी चांगला."

"चालवतो ना."

"बाबा," प्रविण म्हणाला.

तेजरामनं त्याच्याकडे पाहिलं नाही. नळीचं तोंड पळसाकडे ठेवून त्यानं हात लांब केला. मग भय्याजीकडे वळून, इळ्याच्या वेळी बोलायचा त्याच साध्या आवाजात म्हणाला, "या. मूठ धरा."

"कायची मूठ?"

"रीत पुरी करा भय्याजी. हात लोहाराचा, मूठ मालकाची. मी एकटा कधी कापतो का? तुमी माह्या हातावर हात ठेवा, हा असा, नळीवरून. पक्का. मंग मी दाबतो."

भय्याजी हसला. हसू अर्ध्यावर राहिलं. "हे काय धान हाय का?"

"वस्तू तुमची हाय ना?"

"हाय ना."

"मंग मूठ तुमची."

वारा नव्हता. बोडीवर पाणकोंबड्या होत्या, त्यांचा आवाज येत होता. मंगरू पळसापासून थोडा जवळ सरकला होता, ऐकायला. भय्याजी एक पाऊल पुढे आला. त्यानं उजवा हात उचलला, जाड, सोन्याची अंगठी रुतलेला हात. तेजरामच्या हाताच्या वीतभर वर तो येऊन थांबला.

तेजरामचा हात हलत नव्हता. सत्तर वर्षांचा हात, नखं काळी, अंगठ्याला घट्टा. हा हात किती मुठींखालून गेला हे भय्याजीला माहीत होतं. त्याच्या आईच्या मुठीखालून गेला होता, बायकोच्या गेला होता. दर वर्षी तो स्वतः धान धरून उभा राहायचा, आणि धरताना कधी पाहायचाही नाही, मंगरूला दुसऱ्याच कामाचं सांगत असायचा.

"धरू का?" त्यानं विचारलं.

तेजराम म्हणाला, "तुमी सांगा."

"तू सांग ना गा. काम तुमच्या घरचं हाय."

"मी नाई सांगत. इळ्याच्या वेळी इचारता का मले?"

भय्याजीनं प्रविणकडे पाहिलं. प्रविण चिखलाकडे पाहत होता, आणि त्याच्या मानेवरून घाम उतरत होता, इतक्या सकाळी. भय्याजीचा हात तिथंच होता. मग तो हळूच मागे गेला. त्यानं तो पॅन्टीला पुसला. काही लागलं नव्हतं तरी पुन्हा पुसला.

"गोळी काढा ह्याच्यातली," तेजराम म्हणाला. "मले येत नाई ते."

भय्याजीनं वस्तू घेऊन गोळी काढली. ती खिशात टाकली. मंगरूनं पळसातला डबा काढून आणला, आणि आता तो कुठं ठेवावा हे न कळून हातातच धरून उभा राहिला.

"मले सांगाचं ना बे," भय्याजी शेवटी प्रविणला म्हणाला. "माहा हात गेला असता."

"सांगनार होतो."

"कवा?"

प्रविण रिकाम्या पिशवीची घडी घालू लागला.

तेजरामनं ती वस्तू मागून घेतली. भय्याजीनं नाही म्हटलं नाही. साळ्याले काय सांगू, एवढं तो पुटपुटला. तेजराम म्हणाला, सांगा लोहाराकडे देल्ली होती, लोहारानं बिघडवली. खोटं नोहे ते.

घरी येऊन तेजरामनं भट्टी पेटवली. प्रविणला पंख्यावर बसवलं. आयटीआय झाल्यापासून प्रविण त्या पंख्यावर बसला नव्हता. दांडा त्याच्या हाताला उलटा वाटत होता. कोळसे फुलले तशी तेजरामनं सांडशीनं ती वस्तू मधोमध ठेवली.

"पाह्य आता," तो म्हणाला.

लोखंड असतं तर आधी काळं, मग गर्द लाल, मग केशरी झालं असतं. हे लाल झालंच नाही. वरचा काळा रंग फुगला, घाणेरडा धूर निघाला, तेजरामनं दुपट्टा नाकाला लावून पोराला मागे ओढलं. मग कडा गोल झाल्या. नळी एका अंगाला वाकली, त्याच अंगाला, आणि सगळं मिळून तुपाच्या गोळ्यासारखं कोळशात उतरत गेलं. आतली एक स्प्रिंग आणि दोन खिळे तेवढे उभे राहिले. प्रविण लांबून पाहत होता. त्याच्या हाताला पंखा फिरवत असल्याचं भान नव्हतं, तो फिरवतच होता.

"बस," बाप म्हणाला. "कोळसा संपवशीन."

भय्याजीनं दुसऱ्या दिवसापासून कापणी लावली. धान अजून थोडा हिरवट होता, पण डुकरांच्या आधी घरी येईल तेवढा आणू म्हणाला. आडवा धान कापायला बाया नाखूश असतात, कंबर मोडते. तरी शकुबाई धरून सगळ्या गेल्या. कापून पसरलेल्या कडपा वाळायच्या आतच भारे बांधले. बाजारात तो धान हलका भरला. डुकरं मग शेजारच्या बांध्यांत गेली, डबे तिकडे वाजू लागले.

प्रविणशी भय्याजी वाईट बोलला नाही. मंगरूच्या हाती निरोप आला की भाच्याचं पक्कं झालं, कापणी झाली की जागा मोकळी कर, घाई नाई. त्या वर्षी त्याच्या घरचे इळे तेजरामकडे आले नाहीत. पवनीच्या बाजारातून नवे, कारखान्यातले आणले असं बाया सांगायच्या. कोणाची मूठ धरायची गरज नव्हती त्यांना.

प्रविणनं घाई केली. त्याच आठवड्यात त्यानं टिनं उतरवली. खांब जमिनीतून काढताना खालचा भाग गंजून गळाला होता. वेल्डिंगची मशीन, टिनं, खांब हे सगळं शकुबाईच्या पोराच्या ट्रॅक्टरवर लादून तो टोलीत घेऊन आला. रस्त्यावर बसची वाट पाहणाऱ्यांनी विचारलं, काय झालं बे, दुकान कुठं चाललं? "घरी," तो म्हणाला. कोणीतरी म्हणालं, मंग आता बापासारखा मुठी कापशीन का? चार जण हसले. प्रविणनं दोर आणखी एकदा आवळला आणि ट्रॅक्टरवर चढून बसला. सगळ्या वाटेनं टिनं खडखडत होती.

मशीन चिंचेखाली उतरली, भट्टीच्या दुसऱ्या अंगाला. टोलीतल्या विजेला ती पेलायची नाही, दुपारून दिवे मंद व्हायचे आणि चंद्रभागाबाई घरातून ओरडायची की बाबू, पंखा बंद पडला. फाटकांची कामं कमी झाली. रस्त्यावरून दिसत नाही त्याला गिऱ्हाईक लागत नाही.

टिनं आणली त्या सांजेला खुशबूनं कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्यांची भाजी केली होती. नव्या तांदळाचा भात, पातळ वरण. चौघं चुलीपुढे बसले. भात गरम होता, वाफ वर येत होती. प्रविणनं वरण ओतलं आणि बोटांनी भात कालवायला सुरुवात केली. भाजेल इतका गरम, म्हणून बोटं टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. त्याला भूक लागली होती, त्याचं दुसरीकडे लक्ष नव्हतं.

चंद्रभागाबाईचा घास हातातच होता. तेजरामनं पाण्याचा गडू तोंडाकडे नेला आणि मधेच थांबवला. खुशबू पळीत भाजी घेऊन बसली होती. तिघंही त्या हाताकडे पाहत होते, पाची बोटं वरणात माखलेली, भात गोळा करणारी.

प्रविणनं वर पाहिलं. "काय झालं?"

"काई नाई," खुशबू म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.